विक्रीचा पेशा आणि विकणाऱ्याची पत

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशी एक म्हण आपल्याकडे फार चालते. घरातला एखादा मुलगा चुणचुणीत निघाला, चार माणसांत न बुजता बोलू लागला, की वडीलधारी मंडळी ती म्हणून दाखवतात. पुढे तोच मुलगा पदवी घेऊन दोन वर्षे नोकरीसाठी वणवण फिरला आणि नोकरी लागली नाही, म्हणजे त्याला सांगण्यात येते, "बाबा, एखाद्या कंपनीचा माल विकायला लाग. तुला बोलता येते." विक्री म्हणजे जिभेचा पेशा, दुसरे काही जमले नाही तर धरायचा, अशी ही समजूत आहे. आम्हांला ती मान्य नाही. माती विकणाऱ्याने एकदा माती विकली की त्या गावात त्याला दुसऱ्यांदा जाता येत नाही; आणि ज्याला त्याच गावात वीस वर्षे जायचे आहे त्याचे निव्वळ बोलण्यावर भागत नाही. त्या वीस वर्षांचा हिशेब कसा मांडावा, एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाताना बरोबर काय न्यावे आणि मालकाच्या हाती काय देऊ नये, हा आजचा विषय आहे.

आम्ही काही विक्रीकलेचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि संघटनेच्या कचेरीत येणाऱ्या माणसांच्या कागदांवरून झाले. नांदेडच्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले तसे गिरणीवाल्यांचे कागद कमी होत गेले आणि 'कंपनीच्या माणसां'चे वाढत गेले. हा शब्द खेड्यांतला आहे. औषधाचा एम. आर. असो, बियाण्याचा प्रतिनिधी असो, ट्रॅक्टरच्या शोरूमचा पोऱ्या असो, महिलांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्सचा असो की बिस्किटाच्या गाडीवरचा असो, गावकरी सगळ्यांना कंपनीचा माणूसच म्हणतात. गंमत अशी की, यांतले पुष्कळजण कंपनीचे नसतात. माल एका कंपनीचा, पगार भलत्याच कंत्राटदाराचा, आणि गळ्यात पट्टा मात्र पहिल्या कंपनीचा. त्यांच्या भाषेत याला 'ऑफ रोल' म्हणतात. आपण कोणाचे नोकर आहोत हे ज्याला ठाऊक नाही, असा नोकर गिरणीत आम्ही क्वचितच पाहिला. विक्रीत रोज पाहतो.

बिलोलीच्या मुलांना या पेशात एक उपजत सोय आहे. घरात मराठी, बाजारात दखनी, आणि तेलुगू निदान कानावरून गेलेली. १९५६ पर्यंत नांदेड, बोधन, निजामाबाद ही सगळी गावे एकाच हैदराबाद राज्यात होती, त्यामुळे सोयरिकी आणि व्यापार मांजरेच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहेत. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात उभे राहिले तर एकाच सौद्यात तीन भाषा ऐकू येतात. कंपनीच्या नकाशात राज्याची सीमा आली की बहुधा एरिया संपतो. पण माणसाची ओळख तिथे संपत नाही. ही ओळख पगारपत्रकात कोठेही लिहिलेली नसते, आणि मुलाखतीत मुले तिचा उल्लेखही करीत नाहीत.

आता विक्री विक्रीत काय फरक असतो ते पाहू, कारण धंदा बदलण्याचा प्रश्न त्यावरच उभा आहे. औषधात निर्णय घेणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. डॉक्टर लिहितो, केमिस्ट ठेवतो, रोगी पैसे मोजतो. एम. आर.ला रोग्याशी काहीच बोलायचे नसते. रात्री दवाखान्याची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसायचे आणि मग दोन मिनिटांत नेमके तेवढेच सांगायचे. हा धंदा माणसाला अभ्यास शिकवतो आणि धीर शिकवतो. बिस्किटे, साबण, चहापुडी यांच्या विक्रीत भाषण कामाचे नाही. दिवसाला तीस-चाळीस दुकाने, ठरल्या वारी ठरल्या दुकानात गाडी, मागच्या खेपेचा खराब माल परत घेणे, आणि तोंडी हिशेब. दुकानदाराला तुमचे गोड बोलणे नको, तुमचा वार हवा. ट्रॅक्टर किंवा मोटारपंप शेतकरी दहा वर्षांत एकदा घेतो. तिथे खरी विक्री वस्तू दारात आल्यावर सुरू होते. भर हंगामात पट्टा तुटला तेव्हा फोन उचलणारा विक्रेता पुढच्या पाच गिऱ्हाइकांचा धनी होतो. फायनान्समध्ये विकायला श्रमच नाहीत, पैसा कोणाला नको आहे? तिथे विक्री सोपी आणि वसुली अवघड. आणि दोन्ही कामे एकाच पोराकडे असतात. सकाळी ज्या घरी हप्त्यासाठी बसून राहायचे, त्याच घरी पुढच्या वर्षी नवे कर्ज घ्या म्हणून जायचे. या कामाने माणूस लवकर म्हातारा होतो असे आमचे निरीक्षण आहे.

बियाण्याचा धंदा मात्र आपल्या भागात सर्वांत कठीण परीक्षा घेतो. सगळी विक्री मृगाच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत आटोपते, आणि निकाल उघड्या रानात, सगळ्या गावादेखत लागतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. त्या पंधरवड्यात विक्रीतल्या मुलांची जी दैना झाली ती आम्ही जवळून पाहिली. बियाणे त्यांनी तयार केले नव्हते, पिशवी त्यांनी शिवली नव्हती, पण बांधावर तोंड त्यांचे होते. काहींनी फोन बंद ठेवले. काही मात्र शेतकऱ्याबरोबर रानात गेले, पिशवीवरचा टॅग आणि दुकानाची पावती जपून ठेवा म्हणून सांगितले, कृषी कार्यालयात तक्रार लिहून दिली. आपल्याच कंपनीच्या मालाविरुद्ध अर्ज लिहायला मदत करणारा विक्रेता कंपनीला आवडत नाही हे उघड आहे. परंतु त्यांपैकी एकाने पुढे बियाणे सोडून ठिबकचा माल विकायला घेतला, तेव्हा त्याची पहिली गिऱ्हाइके तीच होती. फोन बंद ठेवणाऱ्याला जिल्हा बदलून घ्यावा लागला.

यालाच आम्ही पत म्हणतो. दुकानदाराची पत बँकेत असते, विकणाऱ्याची पत लोकांच्या आठवणीत असते. माळेगावच्या यात्रेत जनावरांचे दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करीत आले. त्यात ना कागद, ना साक्षीदार. तो दलाल पुढच्या वर्षी पुन्हा त्याच यात्रेत यायचा असतो, एवढ्याच भरवशावर हजारोंचे व्यवहार झाले.

मग धंदा बदलावा की नाही? बदलावा. तरुणाने एका जागी कुजत राहावे असे सांगणारे आम्ही नव्हे. पण बदलाच्या दोन तऱ्हा आहेत. एक, गिऱ्हाईक तेच ठेवून माल बदलणे. दुसरी, गिऱ्हाईक बदलून आपली विद्या तीच ठेवणे. पहिल्या तऱ्हेचे खानदेशातले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर घासलेटची एजन्सी घेतली. त्यानंतर ट्रॅक्टर, खते, बियाणी, मग प्लास्टिकचे नळ, मग ठिबक सिंचन. माल किती बदलला पाहा. पण घेणारा शेतकरी तोच. एका मालाने जी ओळख मिळाली तिच्यावर दुसरा माल उभा राहिला. कोणी म्हणेल, ते मालक होते, त्यांचे नोकरदाराने काय घ्यावे? आक्षेप रास्त आहे. मालकाने मिळवलेली पत मालकाच्या नावावर जमा होते आणि नोकराने मिळवलेली कंपनीच्या. म्हणूनच नोकराने दुप्पट सावध असावे. परंतु शेतकरी जेव्हा म्हणतो की, 'कंपनी कोणती का असेना, पाहुणे, तुम्ही म्हणता म्हणून घेतो,' तेव्हा ती पत कंपनीच्या खात्यातून निसटून तुमच्या खात्यात आलेली असते.

दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण अमेरिकेतले. टॉमस वॉटसन हा तरुणपणी घोड्याच्या गाडीतून खेडोपाडी पियानो, ऑर्गन आणि शिवणयंत्रे विकत फिरे. १८९६ साली तो दुकानात गल्ल्यावर ठेवायची हिशेबाची यंत्रे विकणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागला. पुढे तिथून त्याला काढून टाकण्यात आले. १९१४ साली तो भोके पाडलेल्या कार्डांवर आकडेमोड करणारी यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत गेला, आणि त्याच कंपनीचे नाव १९२४ साली आय. बी. एम. झाले. शेतकऱ्याच्या घरापासून सरकारी कचेरीपर्यंत त्याची गिऱ्हाइके बदलली. पण न पाहिलेले यंत्र माणसाला समजावून सांगून त्याच्या कामात बसवून देण्याची विद्या तीच राहिली.

माल आणि गिऱ्हाईक दोन्ही एकदम बदलणारा माणूस मात्र पुन्हा नवखा होतो. औषधाचा दहा वर्षांचा एम. आर. दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून मोबाईलच्या जोडणीत जातो, तिथे वर्षभर टिकतो, मग विम्यात, मग जमिनीच्या प्लॉटांत. त्याच्या अर्जावर चार धंद्यांची नावे दिसतात, आणि चारही ठिकाणी तो पहिल्या वर्षाचाच असतो.

येथे किर्लोस्करांची आठवण होते, कारण नवा माल विकायला किती दम लागतो ते त्यांनी दाखविले. लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकायची तर आधी ती चालवायला शिकवावी लागे. पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची ठाम समजूत आडवी आली, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली म्हणतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' काढली आणि तिचेच पुढे महाराष्ट्रात घरोघर वाचले जाणारे मासिक झाले. आजच्या एखाद्या विक्री व्यवस्थापकाने दोन वर्षांत एक नांगर विकला असता तर? तिसऱ्या महिन्यात त्याच्या हाती राजीनाम्याचा कागद ठेवला असता.

कारण आज विक्रीचा राजा 'टार्गेट' आहे. हे टार्गेट आकाशातून पडलेले नाही. वर ज्या कॅश रजिस्टर कंपनीचा उल्लेख केला, ती १८८४ साली जॉन पॅटरसन याने हाती घेतली. प्रत्येक विक्रेत्याला ठरावीक मुलूख, ठरावीक कोटा आणि तोंडपाठ करायचे ठरावीक बोलणे, ही पद्धत त्याने बसविली. ते बोलणे १८८७ साली छापून वाटले. पॅटरसनच्या पद्धतीत एक गोष्ट विक्रेत्याच्या हिताची होती: तुझ्या मुलखात दुसऱ्याला घालणार नाही ही हमी. आमच्याकडे कोटा आला, पाठांतर आले, हमी तेवढी वाटेत कोठे सांडली ते कळत नाही.

टार्गेट कसे 'भरते' हे सामान्य वाचकाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कंपनीने घाऊक व्यापाऱ्याला माल दिला ती प्रायमरी विक्री, आणि घाऊकाने किरकोळ दुकानदाराला दिला ती सेकंडरी. टार्गेट पुष्कळदा प्रायमरीवर मोजतात. महिन्याची अखेर आली की साहेबाचा फोन येतो आणि विक्रेता घाऊकाचे पाय धरतो, 'शेठ, एवढा माल ठेवून घ्या, पुढच्या महिन्यात बघू.' माल गोदामात पडतो, आकडा वर जातो, साहेबाला शाबासकी मिळते. मार्चमध्ये हा खेळ कळसाला पोहोचतो. मग माल मुदतबाह्य होतो, परत घ्यायला कंपनी खळखळ करते, आणि शेठ विक्रेत्याला विचारतो, 'तुम्ही म्हणाला होता ना?' कित्येक मुलांनी आपल्या पदरचे पैसे भरून हा माल उचलला आहे. एका कंपनीत तर दुकानदारांची थकलेली उधारी विक्रेत्याच्या पगारातून कापण्यात येत होती. आम्ही पगारपत्रक पाहून एवढेच विचारले की, पगारातून काय कापता येते याची यादी कायद्यात दिलेली आहे. दुकानदाराची उधारी त्या यादीत दाखवा. कापलेले पैसे तीन महिन्यांत परत आले.

आता कायद्याकडे वळू. हा भाग रुक्ष आहे, पण पोटाशी संबंध असल्यामुळे ऐकून घेतलाच पाहिजे. गिरणीतला कामगार हा कायद्याने कामगार होता; फिरता विक्रेता कोण, यावर न्यायालयांत अनेक वर्षे वाद झाले. तो ना हाताने राबणारा, ना कारकून, तेव्हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही, असा अर्थ लागला. औषध विक्रेत्यांनी १९६३ साली आपला अखिल भारतीय महासंघ उभा केला, लढे दिले, आणि १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला. नेमणुकीचे पत्र, अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, आजारपणाची अर्धपगारी रजा, ग्रॅच्युइटी, बोनस आणि अन्यायाने काढल्यास दाद मागण्याची वाट, हे सारे त्याने दिले. परंतु तो लागू झाला तो फक्त औषध उद्योगाला, आणि त्यातही पगाराची मर्यादा होती. ती १९८६ च्या दुरुस्तीने बहुतांशी निघाली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सॅन्डोज कंपनीच्या खटल्यात पुन्हा सांगितले की, औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे औषध विक्रेता कामगार नव्हे. त्याला जे मिळेल ते १९७६ च्या कायद्यामुळे. म्हणजे काय झाले पाहा: औषध विकणाऱ्याला हक्क, आणि तोच माणूस उद्या बिस्किटे विकू लागला तर हक्क घरी ठेवून जायचे! पायपीट तीच, मोटारसायकल तीच, साहेब तसाच. फक्त पिशवीतला माल बदलला. २०११ साली सरकारने बिस्किटे, साबण, तयार कपडे, शीतपेये, आयुर्वेदिक औषधे, मोटारींचे भाग, विजेची उपकरणे, रंग अशा आणखी दहा उद्योगांना तो कायदा लावला. पस्तीस वर्षे लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७६ चा कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांबद्दल संघटनांच्या पुष्कळ तक्रारी आहेत. संपाच्या अटींविषयी आमच्याही आहेत. पण एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूची आहे ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नव्या व्याख्येत उद्योगांची यादी नाही. कोणत्याही आस्थापनेत मोबदल्यावर विक्री वाढविण्याचे काम करणारा तो विक्री संवर्धन कर्मचारी. व्यवस्थापक मात्र त्यातून वगळले आहेत, तसेच महिना अठरा हजारांवर वेतन घेणारे देखरेखीचे लोकही. म्हणून तर कंपन्या मुलांना 'टेरिटरी मॅनेजर' असली भारदस्त नावे देतात. सुनेला मानाने पाटावर बसवावे आणि जेवायला वाढूच नये, तसला हा मान आहे. त्या नावाने भिऊ नये. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, ज्याला कोणाची रजा मंजूर करता येत नाही, तो कसला मॅनेजर? न्यायालये पाटी पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. फक्त ते काम दाखविणारा कागद आपल्याजवळ हवा.

धंदा बदलताना हिशेबाची आणखी एक बाजू असते. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचे वेतन; ती सामान्यतः पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावर मिळते. मुदतीच्या करारावरील नोकराला आता पाच वर्षांची अट नाही, पण आपला करार तसा आहे की नाही हेच बहुतेकांना माहीत नसते. साडेचार वर्षांनी थोड्या जास्त पगाराकडे धावणारा मुलगा किती सोडून जातो, याची बेरीज त्याने कागदावर एकदा करावी. प्रॉव्हिडंट फंडाचेही तसेच. खाते क्रमांक एकच राहतो आणि रक्कम नव्या नोकरीत नेता येते. तरी पोरे प्रत्येक नोकरीनंतर पैसे काढून मोटारसायकलचा हप्ता भरतात. महिन्याच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. मध्येच सगळे काढून घेतले की मागची वर्षे पुसली गेली. लग्नाच्या बोलणीत वधूपिता पगार विचारतो. फंडाचे कोणी विचारीत नाही. विचारायला हवे.

चाळिशीनंतर या पेशात जी कळ येते ती वेगळीच. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर दुचाकीवर, कंबर गेलेली, आणि वरचा साहेब पंचविशीतला. आता तर मोबाईलवरून माणूस कोठे उभा आहे हेही पाहिले जाते. झाडाखाली डबा खायला बसला तरी विचारणा होते. कंपनीला वाटते, याच्या पगारात दोन नवे येतील. मग एखाद्या हॉटेलात बैठक बोलावून सांगण्यात येते, 'राजीनामा लिहून द्या, अनुभवाचे पत्र चांगले देऊ.' आमच्याकडे येणारी निम्मी माणसे तो राजीनामा लिहून दिल्यावर येतात. सही झाल्यावर वकिलाचेही हात बांधले जातात. ज्यांनी 'मला विचार करायला वेळ हवा' एवढे म्हणून बाहेरचा रस्ता धरला, त्यांच्यासाठी काहीतरी करता आले: नोटिशीचा पगार, नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई, एखाद्या वेळी नोकरीच.

या पेशात अलीकडे मुलीही पुष्कळ येत आहेत, विशेषतः विमा आणि फायनान्सकडे. संध्याकाळी सातला दूरच्या वाडीवर वसुलीला एकट्या मुलीला धाडणारा साहेब आपल्या बहिणीला धाडील काय, हा प्रश्न आम्ही एका बैठकीत उभे राहून विचारला होता. उत्तर आले नाही. त्या शाखेची वेळ मात्र बदलली.

नुकतेच नेमणुकीचे बोलावणे आलेली मुले कचेरीत येऊन 'साहेब, जाऊ का?' असे विचारतात. आम्ही त्यांना जा किंवा जाऊ नको असे सांगत नाही. पत्र हातात आले आहे का, त्यावर पगार देणाऱ्याचे नाव कोणाचे आहे, पक्का पगार किती आणि इन्सेन्टिव्हवर लोंबकळणारा किती, पेट्रोलचा दर काय धरला आहे, टार्गेट प्रायमरीवर की सेकंडरीवर, आणि तुझ्या आधी त्या एरियात कोण होता व तो का गेला, एवढे विचारून ये म्हणतो. शेवटचा प्रश्न कंपनीला विचारायचा नाही, बाजारपेठेतल्या दुकानदाराला विचारायचा. आणि एक वही कर: कोणाला भेटलास, काय कबूल केलेस, केव्हा पुरे केलेस. कंपनीच्या ॲपमध्ये भरशील ते कंपनीचे; नोकरी सुटेल त्या दिवशी ते ॲप बंद होईल. वही तुझ्या घरी राहील.